काकांच्या फेऱ्या आणि दोन एफ

सोसायटीत अमक्याला कॉम्प्युटर येतो अशी बातमी पसरली की त्याचा रविवार गेलाच म्हणून समजावं. माझा गेला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे. काका रोज सकाळी सहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारतात. लेकीनं परदेशातून गार्मिनचं घड्याळ पाठवलं, आणि आता बाबांच्या फेऱ्या तिला गूगल अर्थवर बघायच्या होत्या.

घड्याळ चाललेली वाट आणि ठोके नोंदवतं, आणि त्यातून निघते फिट नावाच्या प्रकारची फाइल. काकांनी ती नोटपॅडमध्ये उघडली होती. "पत्रिकासुद्धा यापेक्षा बरी कळते रे!" फिट बायनरी असते, ती माणसानं वाचायचीच नसते. गूगल अर्थला हवी केएमएल, म्हणजे नकाशावर वाट दाखवणारी फाइल. एका प्रकारातून दुसऱ्यात नेण्याचं हे काम करतं जीपीएसबेबल नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पण मी ते टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या, काळ्या खिडकीतूनच चालवतो. डॅश आय म्हणजे येणारा प्रकार, डॅश ओ म्हणजे जाणारा. फाइलींच्या नावांसाठी मात्र दोन्हीकडे एफच. येणारीला धाकटा (स्मॉल), जाणारीला थोरला (कॅपिटल). पाचवीत एबीसीडी शिकलेल्या माणसाशी असं वागू नये.

एंटर दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे काम झालं.

"बंद पडलं का?" काका.

"नाही, झालं."

"मग सांगत का नाही?"

टर्मिनल कुरकुरतं ते बिघडल्यावरच. काकांना हा स्वभाव अजिबात पटला नाही. ते स्वतः दूध आणलं तरी जाहीर करतात.

मग लेकीचा निरोप आला, फाइल जड आहे. घड्याळ सेकंदाला एक बिंदू नोंदवत होतं, तासाला ३,६००. डॅश एक्सनं सिम्प्लिफायची, म्हणजे बिंदू कमी करणारी, गाळणी लावली. ती थोरल्या एफच्या आधीच लिहावी लागते, नंतर लिहिली तर लागतच नाही. शंभर बिंदू ठेवले. वळणांचे कोपरे झाले आणि काका कट्टा सोडून मैदानातून गेलेले दिसू लागले. "मी शॉर्टकट मारत नाही," असं त्यांनी मला उभं राहून सांगितलं.

पुढे डॉक्टरांसाठी जीपीएक्स, म्हणजे वाट नोंदवणाऱ्या फाइलीचा आणखी एक प्रकार, हवी झाली. मूळ जीपीएक्समध्ये हृदयाच्या ठोक्यांना जागाच नाही. ते गार्मिन एक्स्टेन्शन्स म्हणून वेगळे मागून घ्यावे लागतात. न मागता केलेली फाइल पाहून काका म्हणाले, "म्हणजे चाललो, पण हृदय बंद?"

मधेच त्यांच्या पुतण्यानं, मला त्रास नको म्हणून, फाइल बदलायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, घरीच लिहिली. केएमएलमध्ये रेखांश आधी, जीपीएक्समध्ये अक्षांश आधी. पुतण्यानं आकडे आले त्याच क्रमानं उतरवले. मुंबई १९ उत्तर, ७२.८ पूर्व, उलटं केलं की ७२.८ उत्तर, १९ पूर्व. काका नॉर्वेच्या ट्रोम्सोपासूनही उत्तरेला, भर समुद्रात, ठरल्या वेगानं गोल फिरत होते. ठोके उत्तम होते.

मी फाइल सरळ करून दिली. पण जीपीएक्स साधा मजकूर असतो, कुणालाही वाचता येतो. काकूंनी वाचला.

"रात्री साडेबाराला शिवाजी पार्कात कशाला गेला होतात?"

जीपीएक्समधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, शेवटचा झेड त्याचीच खूण, हे मी समजावलं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि झेडवर बोट ठेवून काकांकडे बघत राहिल्या.

जिन्यात काकांनी मला गाठलं. "वेळ पुढे सरकवता येते का रे?"

"येते. पण ते फाइलला खोटं बोलायला लावणं झालं, काका."

"फाइल काय, तिला कुठे घरी राहायचंय?"