परवाना गेला की समुद्रही परका होतो

अलास्कातील अँगून या त्लिंगित आदिवासींच्या गावावर अमेरिकी नौदलाने १८८२ मध्ये केलेला तोफमारा, जाळलेली घरे, फोडलेल्या होड्या आणि २०२४ मध्ये मागितलेली माफी यांविषयी तुम्ही छापलेल्या अँगूनवरील लेखात नेमके लिहिले आहे. मात्र पुढे गावाच्या हातून मासेमारी कशी निसटली, हेही यायला हवे होते. १९७३ च्या कायद्याने व्यावसायिक मासेमारीचे परवाने मर्यादित केले, पण ते विकण्याची मुभा ठेवली, त्यामुळे अडीअडचणीला घरातला परवाना बाहेरच्याला विकला गेला की बापाची होडी दारात असूनही मुलाला सॅल्मन धरून विकता येत नाही. जिथे फेरीबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानानेच जाता येते, तिथे दुसरा रोजगार तरी कोणता मिळणार? घरच्यापुरते मासे धुरी देऊन साठवण्याची रीत टिकली आहे, याचे मला फार मोल वाटते. परंतु डिझेलला आणि जाळ्यांना रोख पैसा लागतोच.