साठ मुलांच्या वर्गातील मूल्यमापन: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रोजच्या तासातच करता येईल अशा मूल्यमापनाविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: हडपसरला आपण शिकवता त्या शाळेत सहावीच्या एका तुकडीत साठाहून अधिक मुले बसतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांनी उत्तरादाखल दाखवलेली बोटे आणि लिहून दिलेल्या चिठ्ठ्या पाहत बसलो तर पोर्शन पुरा होणार नाही, वहीत गुण न देता नुसता शेरा दिला तर मुले तो वाचत नाहीत आणि पालक जाब विचारायला येतात, शिवाय हे सारे परदेशी प्रशिक्षणांतून उचललेले आहे. शेवटी, मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासण्याविषयीही आपण शंका विचारली आहे.

परदेशीपणाच्या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे आणि त्यातील आकारिक (म्हणजे शिकणे चालू असतानाच करायच्या) मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण व तोंडीकाम यांचा समावेश आहे. प्रत्यक्षात नोंदवहीतील त्यांच्या रकान्यांत ‘वर्गात लक्ष देतो’, ‘अक्षर वळणदार आहे’ अशी वाक्ये सत्राच्या शेवटी एका बैठकीत उतरवली जातात, हा भाग निराळा. मी सुचवले ते एवढेच की, ज्या निरीक्षणाची नोंद आपण करतो ते निरीक्षण खरोखर करावे.

साठ मुलांचा आक्षेप मात्र रास्त आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा असे म्हटले आहे, आणि आपल्यासमोर जवळजवळ दुप्पट मुले आहेत. परंतु यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वीस मुलांच्या वर्गात चेहरे पाहूनही पुष्कळ कळते. साठांच्या वर्गात पहिल्या दोन बाकांवरची मुले सगळ्यांच्या वतीने उत्तरे देतात, ‘समजले का?’ या प्रश्नाला एका सुरात ‘हो’ येतो आणि आपण पुढच्या उदाहरणसंग्रहाकडे वळतो. मोठ्या वर्गात न विचारता पुढे जाणेच अधिक महाग पडते, कारण राहिलेली गाठ घटक चाचणीत सापडते आणि तोवर तीन प्रकरणे पुढे गेलेली असतात.

दशांश अपूर्णांकांचेच पाहा. फळ्यावर ०.४५ आणि ०.६ या संख्या लिहून मोठी कोणती हे विचारावे: पहिली वाटत असेल तर एक बोट, दुसरी वाटत असेल तर दोन, दोन्ही समान वाटत असतील तर तीन. बोटे छातीशी धरायची, हात वर करायचा नाही, म्हणजे मागच्या मुलाला पुढच्याचे पाहून ठरवता येत नाही. ४५ ही ६ पेक्षा मोठी म्हणून ०.४५ मोठी, असे मानणारी मुले लगेच दिसतात. (साडेचार रुपये ४.५० असे लिहून ‘चार रुपये पन्नास पैसे’ वाचण्याची सवय या समजुतीला खतपाणीच घालते.) पण एवढ्यावर थांबलो तर फसगत होते, कारण ०.६ असे बरोबर उत्तर देणाऱ्यांतही काही मुले अशी असतात, ज्यांच्या मते शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून दशांश चिन्हापुढे जितके अंक अधिक तितकी संख्या लहान. त्यांना शोधण्यासाठी दुसरी जोडी हवी: ०.३ आणि ०.८५. इथे पहिल्या गैरसमजाची मुले बरोबर ठरतात आणि दुसऱ्या गैरसमजाची मुले ०.३ ला मोठी म्हणतात. एकाच जोडीवर विसंबलो असतो, तर या दोन गटांपैकी एक ‘समजले’ या खात्यात जमा झाला असता.

या दोन प्रश्नांना मिळून चार-पाच मिनिटे लागतात. बोटे मोजायची नाहीत आणि नोंदवहीत काही लिहायचेही नाही. नजर फिरवून एवढेच ठरवायचे की संख्यारेषा काढून सर्वांना पुन्हा समजवायचे, की चुकलेल्या मोजक्या मुलांना मधल्या सुट्टीनंतर जवळ बोलवायचे. वेळ खरा जातो तो असे प्रश्न तयार करण्यात, आणि ते काम पाठ टाचणाबरोबर घरी होते. चिठ्ठ्यांबाबत मात्र आपल्याशी सहमत आहे. साठ चिठ्ठ्या रोज वाचणे कोणालाही जमणार नाही. रोज एकाच रांगेच्या घ्याव्यात आणि ‘जमले’, ‘अडले’, ‘कोरे’ असे तीन गठ्ठे करून सोडून द्याव्यात.

गुणांविषयी. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील अभ्यासात एका गटाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा आणि तिसऱ्याला दोन्ही दिले होते. सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. आपला अनुभव याच्या उलट असल्याचे आपण म्हणता, पण मला वाटते की अडचण शेऱ्याच्या मजकुरात आहे. ‘चांगला प्रयत्न’ किंवा ‘अधिक सराव हवा’ वाचून मुलाने करायचे काय? ‘तिसऱ्या उदाहरणात कंस सोडवताना चिन्ह बदललेले नाही, ती पायरी पुन्हा करा’ असे लिहावे आणि पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे त्या दुरुस्तीलाच द्यावीत. ती दिली नाहीत तर मुले वही उघडणार नाहीत, हे आपले म्हणणे अगदी खरे ठरेल.

पालकांचा प्रश्न पुण्यात जरा अवघडच आहे, कारण क्लासवाले दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर गुण पाठवतात. मी गुण बंद करा असे म्हटलेले नाही. घटक चाचणीत आणि सत्र परीक्षेत ते राहणारच. गुण कशाला मिळतील आणि वहीत शेरेच का असतील, हे जूनच्या पालकसभेत एखादी तपासलेली वही दाखवून सांगितले, तर नंतरची बरीच विचारणा टळते.

राहिली एकमेकांच्या वह्या तपासण्याची शंका. ही तपासणी गुण देण्यासाठी मुळीच करू नये; बाकावरच्या मित्राला गुण देताना मैत्री आणि भांडण दोन्ही मध्ये येतात. फळ्यावर पायऱ्यांसह पूर्ण सोडवलेले उदाहरण असावे, वह्या शेजाऱ्याशी न बदलता एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाव्यात, आणि जिथे पायरी गाळली आहे तिथे पेन्सिलीने रेघ ओढण्यापलीकडे मुलांनी काही करू नये. आपल्या वर्गाची पटसंख्या पाहता मी हे पहिल्या सत्रात सुरू करणार नाही. बोटांची सवय लागल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर, आधी एकाच उदाहरणावर करून पाहीन.