‘छोट्या कुत्र्याला कसला आलाय क्लास?’

कुत्रा पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. ट्रेनिंग क्लास लॅब्रडॉर, रॉटवायलरसाठी असतात. पॉमेरेनियन, पग, शि त्झू, डॅशहुंड, चिवावा यांना त्याची गरज नाही. छोटा कुत्रा चावला तरी फारसं काही होत नाही. ऐकत नसेल तर उचलून घ्यावा. क्लासमध्ये मोठे कुत्रे त्याला इजा करतात. सहा महिन्यांच्या आत तर नेऊच नये. आणि या जाती मुळातच हट्टी, पैसे पाण्यात. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, बाकीच्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

‘चावला तरी काय होतंय?’

तीन किलोच्या कुत्र्याचे सुळे बारीक असतात, म्हणून जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि आत खोल जाते. रेबीजच्या बाबतीत तर चावणाऱ्याचं वजन कोणी विचारत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे पगलाही लागू आणि रॉटवायलरलाही. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली, तरी जखमेचं काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. शिवाय छोटा कुत्रा मांडीवर, सोफ्यावर, उशीवर असतो; लहान मूल त्याला कुरवाळायला वाकतं ते तोंड पुढे करून.

छोटे कुत्रे जास्त चिडके, हे निरीक्षण मात्र खोटं नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जातवार पाहणीत माणसांवर गुरगुरण्या-चावण्यात डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर वरच्या क्रमांकांवर होते. पण कारण निव्वळ रक्तात आहे असं धरून चालू नका. व्हिएन्ना परिसरातल्या १,२७६ कुत्रामालकांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं, की छोट्या कुत्र्यांचे मालक शिकवण्यावर कमी वेळ घालवतात आणि आज एक नियम, उद्या दुसरा असं वागतात. ज्या घरांत असा धरसोडपणा, तिथले कुत्रे जास्त अंगावर येणारे आणि कमी ऐकणारे.

हे घडतं कसं, ते एखाद्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाहा. पॉम मान वळवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं. शेजारच्या काकू ‘गोडुल्या!’ म्हणत हात पुढे करतातच. तो गुरगुरतो, सगळे हसतात. लॅब्रडॉर गुरगुरला असता तर चौघे मागे सरले असते. सभ्य इशाऱ्यांना कोणी किंमत देत नाही, हे पॉमला आठ-दहा वेळांत कळतं आणि मग तो मधल्या पायऱ्या गाळून थेट दात लावतो. चांगल्या क्लासमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे इशारे ओळखायला शिकवतात, आणि तो धडा माणसांसाठी असतो.

‘ऐकला नाही तर उचलून घ्या’

बारा किलोंच्या खालच्या कुत्र्याची खरी पीडा इथेच आहे. जमिनीवरून कुठलीही सूचना न देता त्याला हवेत नेलं जातं, तेही दिवसातून वीसदा. बरेच छोटे कुत्रे हात खाली येताना दिसला की पळतात किंवा चावतात, ते यामुळे. उचलणं ही स्वतंत्र शिकवण्याची गोष्ट आहे.

कुत्र्याच्या बाजूला उकिडवं बसा, वर ओणवून उभं राहू नका. ‘उचलू?’ असं एकदाच म्हणा, एक सेकंद थांबा, मग छातीच्या कडेला हात लावा, खाऊ द्या, हात काढा. असं पाचदा. जमलं की एक हात पुढच्या पायांमागून छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. वजन किंचित पेला, खाऊ द्या, सोडा. मग दोन इंच उचलून खाली ठेवा. शेवटी अंगाशी धरून उभे राहा. कुत्रा मागे सरकला किंवा तोंड फिरवलं तर आधीच्या पायरीवर या. हमखास होणारी चूक म्हणजे शब्द आणि हात एकाच वेळी येणं. मग तो हातच बघतो, शब्दाला अर्थ उरत नाही. बखोटीला धरून तर कुणालाच उचलू नका, आणि डॅशहुंडची पाठ जमिनीला समांतर राहायलाच हवी. साधारण दर पाच डॅशहुंडांमागे एकाला मणक्याच्या चकतीचा त्रास होतो.

आठवडाभरात ‘उचलू?’ म्हटल्यावर कुत्रा स्थिर उभा राहायला लागतो. गल्लीतली चार कुत्री अंगावर येत असताना याचा उपयोग कळतो. वळवळणारा, लोंबकळणारा कुत्रा पाहून ती उड्या मारतात. छातीशी गच्च धरलेला घेऊन पाठ फिरवून चालता येतं.

‘मोठे कुत्रे इजा करतात’

हाच तो बराचसा खरा मुद्दा. टॉय जातींचे, म्हणजे अगदी चिमुकल्या जातींचे, पुढचे पाय काडीसारखे असतात. सोफ्यावरून किंवा हातातून निसटून पडल्यावरही मनगटाच्या वरचं हाड मोडतं आणि तिथला रक्तपुरवठा कमी असल्याने ते लवकर जुळत नाही. वीस किलोच्या खेळकर पिल्लाचा पंजाही पुरतो. पण यावर उपाय घरी बसणं नाही, क्लास निवडून घेणं आहे. फोनवर विचारा: एका तुकडीत किती पिल्लं? सहा ते आठच्या वर नकोत. मोकळं खेळायला सोडताना आकारानुसार वेगळी करता का? फरशी घसरडी आहे का? गळ्यात काय घालता? ‘चोक चेन’ (ओढली की गळा आवळणारी साखळी) हे उत्तर आलं तर फोन ठेवा. पॉम, यॉर्की (यॉर्कशायर टेरियर), चिवावा यांची श्वासनलिका कमकुवत असते. गळ्याला हिसके बसले की बदकासारखा भसाडा खोकला सुरू होतो. छातीवर इंग्रजी वाय आकारात बसणारा हार्नेस आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा पुरे.

‘सहा महिने झाल्यावर बघू’

हा आकडा चोक चेनच्या जमान्यातला आहे. पिल्लाची मान तोवर हिसके सोसायची नाही. पिल्लू नवी माणसं, आवाज, जागा सहज स्वीकारतं तो काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. सहाव्या महिन्यात तो कधीच संपलेला असतो. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं, की लसीचा पहिला डोस देऊन किमान सात दिवस झाले आणि जंताचं औषध दिलं, की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू क्लासला नेता येतं.

पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची, भीती रास्त आहे. तो विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून सार्वजनिक बागेतला क्लास लसीकरण पूर्ण होईपर्यंत नको. बंदिस्त जागा, प्रत्येकाचं लसीचं कार्ड तपासलेलं, आणि फरशी एक भाग ब्लीच व तीस भाग पाण्याने पुसलेली, हे विचारून घ्या. तोवर कडेवर किंवा झोळीत घेऊन भाजीबाजार, रिक्षास्टँड, शाळा सुटतानाचा गोंगाट दाखवा. छोट्या पिल्लाचा एवढा तरी फायदा!

‘क्लासला उपाशी आणा’ ही सूचना टॉय पिल्लांनी पाळू नये. तीन-चार महिन्यांच्या आतल्या एवढ्याशा पिल्लाची साखर उपाशीपोटी झपकन उतरते. ते लटपटतं, सुस्तावतं, झटकेही येऊ शकतात. तासभर आधी नेहमीच्या जेवणाचा तिसरा हिस्सा द्या.

‘या जाती हट्टी असतात’

बहुतेकदा शिकवणाऱ्याची उंची आड येते. ‘बस’ शिकवताना खाऊ नाकापासून वर-मागे न्यायचा असतो. उभ्याने केलं की हात फार वर राहतो आणि पिल्लू मागच्या पायांवर उड्या मारतं. जमिनीवर सतरंजी टाकून बसा, हात नाकापासून दोन बोटं वर ठेवा. पायाशी चालवायला लांब दांड्याच्या लाकडी चमच्याच्या टोकाला जरासं पीनट बटर लावा (डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोडवा, लिहिलेलं असेल तर नको, कुत्र्यांना ते विष आहे) आणि चमचा त्याच्या नाकाजवळ, तुमच्या पोटरीशी धरा. तुमची कंबरही वाचते.

दुसरं कारण पोट. चार किलोच्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ३०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे उकडलेलं चिकन साधारण २० ग्रॅम किंवा पनीर १० ग्रॅम. तुकडे तूरडाळीच्या दाण्याएवढे केले तर चिकनचे शंभरेक होतात. बोटाच्या पेराएवढा तुकडा दिलात तर पाचव्या ‘बस’लाच कुत्रा तृप्त, आणि तुम्ही म्हणणार हट्टी.

शू-शीचंही तेच. मूत्राशय लहान, त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर तास-दोन तासांनी, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच न्यावं लागतं. घरात झालेल्या जागी फिनाइल फिरवलं तर वास आपल्यापुरता झाकला जातो, त्याच्या नाकाला नाही; एन्झाइमवालं क्लीनर वापरा.

‘महिनाभर ट्रेनरकडे ठेवा, तयार होऊन येईल’

मेसेजच्या शेवटी बऱ्याचदा हे जोडलेलं असतं, खाली कुणाचा तरी नंबरही असतो. कुत्रा तिथे ट्रेनरचा आवाज, ट्रेनरचे हात आणि ट्रेनरची जागा शिकतो. घरी लिफ्टमध्ये काकूंचा हात पुढे येतो तेव्हा ट्रेनर नसतो. आठवड्यातून एक तास असे सहा आठवडे स्वतः जा, आणि घरी दिवसातून तीनदा, दर वेळी तीन ते पाच मिनिटं सराव करा. घरातला जो माणूस ‘एकदाच काय होतंय’ म्हणून ताटातलं भरवतो, त्याला निदान एका आठवड्याला सोबत न्या.