तळपदे, पारा आणि चवथीतला फॉरवर्ड

चवथीच्या दुसऱ्या दिवशी फोंड्याला ताईकडे गेले, तर आठवीतला भाचा सोप्यावर उकिडवा बसून पत्त्याच्या पानाने पाऱ्याचे गोळे गोळा करत होता. आजोबांचं रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र त्याने फोडलं होतं. शेजारी स्टीलची पळी आणि पेटलेली मेणबत्ती. "मावशी, पारा तापवला की विमान उडतं. बाबांच्या मोबाईलवर आलंय."

तो मेसेज बहुतेकांनी वाचला असेल. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी भरद्वाज ऋषींच्या 'वैमानिक शास्त्रा'वरून 'मरुत्सखा' नावाचं विनावैमानिक विमान बांधलं. मुंबईच्या चौपाटीवर पाऱ्याच्या इंजिनाने ते १५०० फुटांवर गेलं. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे बघायला हजर होते. पुढे इंग्रजांनी सगळं दडपलं आणि राइट बंधूंचं नाव झालं.

आधी पाऱ्याचंच बोलते, कारण पोराच्या नाकाशी तोच होता. पारा ३५७ अंशांना उकळतो, पण त्याची वाफ साध्या खोलीतल्या उष्णतेलाही सुटत असते. तिला ना वास, ना रंग. ती छातीत जाते, रक्तात उतरते, मेंदूला आणि मूत्रपिंडाला बाधते. मेणबत्तीवर पळी धरली असती तर बंद सोप्यावर ती कितीतरी पटीने वाढली असती. मी मेणबत्ती विझवली, पोरांना अंगणात काढलं, खिडक्या उघडल्या, ताईला बांगड्या उतरवून लांब ठेवायला लावल्या (सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं), आणि गोळे कागदावर घेऊन झाकणाच्या बाटलीत भरले. ताई केरसुणी घेऊन आली होती, तिला थांबवलं. झाडलं की पाऱ्याचे बारीक कण होऊन घरभर पसरतात. लाद्यांच्या फटीतले थेंब ड्रॉपरने ओढायला संध्याकाळ झाली.

पाऱ्याची इंजिनं झाली आहेत, एवढं मला कबूल करावं लागतं. नासाने १९७० साली अवकाशात पाठवलेल्या सर्ट-२ यानात तशी होती. पाऱ्याची वाफ करायची, तिच्यातल्या अणूंवर विद्युतभार चढवायचा आणि प्रचंड व्होल्टेजने त्यांना मागे फेकायचं, अशी ती चालतात. पण चालतात फक्त निर्वात पोकळीत, आणि सर्ट-२च्या इंजिनाचा जोर एक रुपयाच्या नाण्याच्या वजनाहूनही कमी होता. चौपाटीच्या हवेत ते इंजिन स्वतःलासुद्धा उचलू शकलं नसतं.

आता 'वैमानिक शास्त्र'. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी, एच. एस. मुकुंदा आणि सहकाऱ्यांनी, १९७४ साली हा ग्रंथ तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे. पंडित सुब्बराय शास्त्रींनी तो तोंडी सांगितला, लिहून घेण्याचं काम १९१८ साली सुरू झालं, आणि आकृत्या बंगळुरूच्या एका ड्राफ्ट्समनने काढल्या. त्यातली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमानं त्यांनी तपासली, एकही उडण्याजोगं निघालं नाही. त्याच लेखात तळपद्यांचाही उल्लेख आहे: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नमुने बनवायचा प्रयत्न केला, पण एकही उडवता आला नाही. भावोजी, ही माहिती शास्त्रींच्याच गोटातून आलेली आहे, कुणा इंग्रजाची नव्हे.

सयाजीराव आणि रानडे यांची नावं मेसेजमध्ये आहेत, तारीख मात्र नाही. दोघांच्या आयुष्याबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय. अशा प्रसंगाला ते हजर असते तर त्यांच्या पत्रांत, भाषणांत कुठेतरी ओळ सापडली असती. मेसेज वर्तमानपत्राचं नाव घेतो, कात्रण दाखवत नाही.

आणि समजा, विनावैमानिक नमुना उडालाच. तरी राइट बंधूंचं काय बिघडतं? पॅरिसमध्ये अल्फोन्स पेनोचं रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान १८७१ सालीच ४० मीटरच्या आसपास गेलं होतं. सॅम्युअल लँग्लीचं वाफेवरचं, माणसाविना विमान मे १८९६ मध्ये पोटोमॅक नदीवर हजार मीटरच्या आसपास उडालं. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी केलं ते वेगळं. इंजिनाच्या विमानात माणूस बसला आणि त्याने ते हवेत सांभाळलं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०१ साली, त्यांनी स्वतः बांधलेल्या वातबोगद्यात (वाऱ्याच्या झोतात पंख तपासायच्या पेटीत) पंखांचे दोनशेच्या आसपास आकार तपासले होते.

तळपदे खरे होते, त्यांची धडपडही खरी होती. साधनं नसताना हा माणूस विमानाच्या मागे लागला, याचा मला आदर आहे. त्यांच्या नावावर न झालेलं उड्डाण चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो.

भाच्याला पेनोचं विमान बनवून दिलं: नारळाच्या पात्याचा हीर, पतंगाचा कागद, रबर. चौथ्या खेपेला ते सोप्यावरून सुटलं आणि तुळशी वृंदावनापर्यंत गेलं. पाऱ्याची बाटली झाकण घट्ट लावून मी माझ्याकडे ठेवलीय.