म्हाताऱ्या झाडात सिमेंट भरू नका

गेला आठवडाभर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय: "पावसाळ्याआधी जुनी झाडं वाचवा. शेंडा उतरवा, पोकळीत सिमेंट भरा, बुंध्याला पक्का कट्टा बांधा, चुना-गेरू लावा." पाठवणाऱ्यांना झाडांची माया आहे हे कळतं ओ, पण यातल्या पहिल्या तीन गोष्टींनी झाड खचतं म्हणून लिहायलोय.

शेंडा उतरवला की झाड हलकं होतं, पडत नाही म्हणे. पहिल्या वर्षी तसं वाटतं पण. आमच्या गल्लीतल्या चिंचेचा शेंडा असाच उडवला होता, वर्षभरात कापल्या जागी फुटव्यांचा झुपका आला, सगळे खूश. पण ते फुटवे लाकडाच्या बाहेरच्या थरालाच धरून असतात, आणि त्या मोठ्या कापातून खाली कूज उतरत जाते, मग वळवाच्या एका वाऱ्यात जाडजूड फुटवा सालीसकट सुटून खाली आला. वाळकी, चिरलेली फांदी जरूर काढा की. फक्त फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर वळी असते, ती सोडून बाहेरून कापा, खोडाला घासून नको आणि लांब खुंटही नको. जड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप द्या, नाहीतर साल फाटत खोडावर येते.

आता सिमेंट. पूर्वी भरायचे, खरं आहे. पण झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत पाणी मुरतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगोंनी हजारो झाडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड सडक्या भागाभोवती भिंत घालून त्याला आत कोंडतं. पोकळी खरवडून "साफ" केली की तीच भिंत फुटते. जिवंत भाग सालीच्या आत लगेच असतो, म्हणून पोकळ झाडही हिरवंगार दिसतं.

कट्ट्याचं तर काय सांगू, अन्नपाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर जातात, त्यांना हवा लागते. वर काँक्रीट, बुंध्याला मुरमाची भर, मग साल कुजणारच. त्यापेक्षा पालापाचोळा पसरा, तीन-चार इंच, खोडापासून वीतभर लांब. वडाच्या पारंब्याही तोडू नका, जमिनीत गेल्या की त्याच खांब होतात.

चुन्यानं फारसं बिघडत नाही, पण आतली कूजही थांबत नाही.

बुंध्याशी अळंबी उगवली, किंवा पावसात एका बाजूची माती भेगाळून उचलली, तर मात्र थांबू नका, जाणकाराला बोलवा. आणि झाड तोडायचीच वेळ आली तर आपल्या परड्यातलं असलं तरी १९७६ च्या कर्नाटक वृक्ष कायद्याखाली, सूट दिलेल्या काही जाती सोडल्या तर, आधी वनखात्याची परवानगी लागते.