सराव की इरादा

काल सकाळी अकरा माणसांनी माझ्यासाठी खेळ थांबवला. अकरा हा आकडा मोजून सांगतोय, कारण त्या घटकेला मोजण्याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं. कुणाला दुखापत झाली तर खेळ थांबतो, कुणी बडी असामी मैदानात आली तर थांबतो. मी बडी असामी नाही आणि मला दुखापतही झालेली नव्हती. झाली असती तर फार बरं झालं असतं, असं मात्र अगदी आतून वाटलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी गोल्फचं खूळ डोक्यात कुठून शिरलं, हे कृपा करून विचारू नका. घरी रोज विचारतात आणि माझं उत्तर रोज बदलतं. गेले सहा शनिवार मी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, जातो, बादलीभर चेंडू घेतो, हिरव्या मॅटवर उभा राहतो आणि तासाभराने जवळपास तितकेच चेंडू फार लांब न पाठवता घरी येतो, एवढं कळलं तरी पुरे. कोच माझ्या निम्म्या वयाचा आहे. मला 'सर' म्हणतो. ऑपरेशनच्या आधी पेशंटशी बोलतात ना, त्या आवाजात म्हणतो.

गोल्फचा चेंडू हलत नाही, यातच सगळी मेख आहे. क्रिकेटमध्ये चुकलो तर 'बॉल वळला' म्हणायची सोय असते. इथे चेंडू बापडा जागच्या जागी बसून तुमच्याकडे बघत राहतो. नियमाप्रमाणे त्याचं वजन फार तर 45.93 ग्रॅम. क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, पात्याशी त्याची गाठ पडते ती साधारण अर्धा मिलिसेकंद, तीही पडली तर. आणि या अर्ध्या मिलिसेकंदासाठी लक्षात काय काय ठेवायचं? डावा हात सरळ, पण ताठ नको. गुडघे वाकलेले, पण बसल्यासारखे नकोत. डोकं स्थिर. वजन आधी उजव्या पायावर, मग डाव्यावर. खाली येताना कंबर पुढे, हात मागून. चेंडू वर जायला हवा असेल तर मारायचं खाली, कारण उचलायचं काम पात्याचा तिरकेपणा करतो. मी मदत करायला गेलो की चेंडू डोक्यावर टपली खाऊन मॅटवरून सरपटत निघतो. एवढं सगळं सांगून झाल्यावर कोच म्हणतो, "आणि सर, मेन म्हणजे विचार करू नका."

पकड तर त्याने सहा आठवड्यांत तीनदा बदलली. आधी बोटांत बोटं अडकवायला लावली. मग उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवायला लावली. या पकडीला हॅरी व्हार्डनचं नाव आहे, आणि त्या गृहस्थाने ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा सहा वेळा जिंकली. मला त्या पकडीत शर्टाचं बटणही लावता येणार नाही. शेवटी दहाही बोटं सरळ दांड्यावर. "लहान मुलांना हीच देतो आम्ही," असं तो बोलून गेला आणि मग त्याने घाईघाईने बादली सरळ केली. ती वाकडी नव्हती.

असो. मला सांगायचंय ते काकांबद्दल.

मॅटच्या मागे कठडा आहे, कठड्यामागे बाक आहे आणि बाकावर काका असतात. वय सत्तरीपुढे. शेजारच्या मॅटवर त्यांची नऊ वर्षांची नात शिकते, तिला ते घेऊन येतात. नातीकडे बघण्यासारखं काही नसतं, कारण तिचा प्रत्येक चेंडू एकाच आवाजात निघतो आणि एकाच दिशेने जातो. मग काकांनी वेळ कसा काढायचा? पहिल्या दिवशी मी विचारलं, "काका, तुम्हीही खेळता?" "छे हो," काका म्हणाले, "मी बघतो." एखाद्याने 'मी वकिली करतो' म्हणावं, त्या थाटात.

तिसऱ्या शनिवारी मी क्लब मागे नेला, दात-ओठ खाल्ले, जीव खाऊन फिरवला. हवा कापल्याचा आवाज छान आला. चेंडू होता तिथेच होता. अशा वेळी सगळे नवशिके करतात तेच मी केलं. पात्याकडे संशयाने पाहिलं, दोनदा खांदे उडवले आणि हे सगळं ठरवूनच केलं होतं असा चेहरा केला.

"हा धरायचा का?" मागून आवाज आला.

"काय?"

"आत्ताचा. हा मोजतात का?"

"काका, हा सराव आहे. इथे काहीच मोजत नाहीत."

"ते बरोबर. पण समजा, खरा खेळ असता तर?"

मी कोचकडे पाहिलं. हा आपला माणूस, विषय बदलेल, असं मला वाटलं होतं. तो उत्साहाने म्हणाला, "डिपेंड्स, काका. चेंडू मारायच्या इराद्याने क्लब पुढे आणला तर तो फटका धरतात. लागो न लागो. नुसता सरावाचा फिरवला असेल तर नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे सगळं साहेबांच्या मनावर आहे."

"हो."

"मग साहेब, खरं सांगा. इरादा काय होता?"

आता यावर माणसाने काय बोलावं? इरादा होता म्हणावं, तर हातभर अंतरावरच्या, न हलणाऱ्या चेंडूवरचा नेम चुकला. नव्हता म्हणावं, तर तोंडाने 'हुं' असा आवाज काढून, टाच वळवून, टोपी डोळ्यांवर येईपर्यंत मी नक्की कशाचा सराव करत होतो, याचा खुलासा द्यावा लागणार. शेजारचं पोर मारायचं थांबून माझ्याकडे बघत होतं.

"सराव होता," मी म्हणालो.

"बरं," काका म्हणाले. त्या 'बरं'मध्ये माझं सगळं आयुष्य मोजून झालं होतं.

इथे थांबले असते तर मीही विसरलो असतो. पण माणसाला नियम कळला की तो राबवल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दिवसापासून मी चेंडूसमोर उभा राहिलो, की मागून हळूच प्रश्न येतो, "सराव की इरादा?" म्हणजे आता मला आधीच जाहीर करावं लागतं! पहिल्या काही वेळा मी बाणेदारपणे 'इरादा' म्हणालो. त्यातले दोन सरपटत गेले आणि एक शँक झाला. शँक म्हणजे चेंडू पात्याला न लागता दांड्याच्या मानेला लागतो आणि काटकोनात वळल्यासारखा उजवीकडे सुटतो. माझा मधल्या पत्र्यावर 'खण्ण' आपटला आणि घरंगळत परत येऊन कठड्याखालून काकांच्या चपलेला टेकला. त्यांनी तो उचलून, पुसून, दोन्ही हातांनी मला परत दिला. हा अपमान समजायचा की सौजन्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी शहाणा झालो आणि 'सराव' म्हणू लागलो. आणि दैव बघा. चौथ्या शनिवारी, 'सराव' म्हणून, काही न ठरवता, सेव्हन आयर्न, म्हणजे सात नंबरचा लोखंडी पात्याचा क्लब, नुसता फिरवला. हातांना काही लागल्यासारखं वाटलंच नाही. 'टक्' असा बारीक, कोरडा आवाज झाला आणि चेंडू उठला. सरळ. उंच. इतका सावकाश खाली आला की मला तो पुरता बघता आला. कोचने टाळी वाजवली. नात म्हणाली, "वॉव!" मी वळून, शक्य तितक्या सहजपणे, काकांकडे पाहिलं.

काका खेदाने मान हलवत होते. "काय उपयोग? तुम्ही सराव म्हणाला होतात. हा धरता येणार नाही."

घरी आल्यावर रागाने मी गोल्फबद्दल वाचत सुटलो आणि चंद्रावर जाऊन पोचलो. 6 फेब्रुवारी 1971 ला अपोलो 14 च्या ॲलन शेपर्ड या अंतराळवीराने चंद्रावर गोल्फ खेळून घेतलं होतं. माती-दगडांचे नमुने गोळा करायच्या दांड्याला त्याने सिक्स आयर्नचं पातं जोडलं. सूट इतका ताठ की क्लब एकाच हाताने फिरवावा लागला. मला वाटलं, ही खरी शिकायची जागा. ना कठडा, ना बाक. पुढे वाचलं तर काय? पहिला प्रयत्न फसल्याबरोबर शेजारी उभा असलेला त्याचा जोडीदार अंतराळवीर मिचेल म्हणाला, की चेंडूपेक्षा मातीच जास्त उडाली. मग पृथ्वीवरून, म्हणजे पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक अंतरावरून, नियंत्रण कक्षातल्या फ्रेड हेजने कळवलं की मला तर हा स्लाइस वाटतो. अहो, स्लाइस म्हणजे चेंडू हवेत वळणं. चंद्रावर हवाच नाही! वळणार कशाने? पण बाकावर बसलेल्या माणसाला भौतिकशास्त्र कधी आड आलंय? शेवटचा चेंडू मैलोन्‌मैल गेला, असं शेपर्डने ठोकून दिलं. पुढे फोटोंवरून मोजलं तेव्हा ते चाळीसेक यार्ड भरलं. या माणसाबद्दल मला अतोनात प्रेम वाटतं.

माझा स्लाइस मात्र हवेतलाच, अस्सल आहे. त्याचं कारण असं की चेंडूला लागताना पातं उजवीकडे उघडं राहतं. त्या पात्याच्या सपाट बाजूला 'फेस' म्हणतात. त्यामुळे पाचव्या शनिवारी कोच ओरडला, "सर, फेस! परत फेस येतोय उघडा!" त्यावर काका कळवळून म्हणाले, "येणारच हो. अर्धा तास झाला, त्यांना जरा बसू द्या." आणि बाकावर सरकून त्यांनी मला जागा केली.

मी हसलो नाही. तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही, पण मला खरोखर चीड आली होती. नऊ वर्षांच्या पोरीचा चेंडू चुकला की सगळे म्हणतात, "असू दे बाळा, छान." मोठ्या माणसाने एखादी गोष्ट वाईट करायला जागाच कुठे आहे? ऑफिसात चुकायचं नाही, घरी चुकलं तर ते सालाबरहुकूम लक्षात ठेवलं जातं. म्हटलं, आठवड्यातून एक तास स्वतःच्या पैशाने चुकावं, तर तिथेही हिशेबनीस बसवलेला! त्यात वाईट हे की काकांचं बरोबर असतं. 'डोकं वर आलं' असं ते म्हणाले, की आलेलं असतं. आयुष्यात क्लब हातात न धरलेल्या माणसाला ते दिसतं, आणि माझं डोकं माझ्याच मानेवर असून मला कळत नाही.

तर, काल. मी क्लब फार आवळतो, ही कोचची जुनी तक्रार. तो म्हणाला, "सर, हातात जिवंत पाखरू आहे असं समजा. उडता कामा नये, पण गुदमरताही कामा नये." मी पाखरू धरलं. काका कठड्यावरून वाकले, माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहून म्हणाले, "गेलं बिचारं."

म्हणून मी पकड सैल केली. त्यात सकाळचं दव, रबराची ग्रिप ओलसर. क्लब मागे गेला, वर गेला, खाली आला आणि मग माझे हात पुढे गेले तेव्हा त्यांच्यात काहीच नव्हतं. सेव्हन आयर्न गरगरत पंधरा पावलांवर गवतात जाऊन पडला. चेंडू मॅटवर, जसाच्या तसा.

"उडालं!" काका ओरडले. एवढा आनंद त्यांना नातीच्या कुठल्याही फटक्याने झालेला मी पाहिला नाही.

"आजोबा, काय उडालं?"

"साहेबांचं पाखरू."

चालू रेंजवर पुढे पाऊल टाकायचं नसतं, डोकं फुटेल. म्हणून कोचने दोन्ही हात वर करून "स्टॉप! सगळे थांबा!" अशी आरोळी ठोकली. ओळीने अकरा माणसं क्लबवर रेलून उभी राहिली, आणि मी विखुरलेल्या चेंडूंमधून वाट काढत पंधरा पावलं गेलो. जाताना पंधरा, येताना किमान साठ. कुणी हसलं नाही. सगळे फार सभ्यपणे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मॅटवर पोचलो तर कठड्यापाशी चर्चा चालू होती. "पण हा धरायचा का?" काका विचारत होते. कोच खरोखर विचारात पडला होता. शेवटी माझी नजर चुकवून म्हणाला, "इरादा तर होता, काका. धरावा लागेल."

निघताना मी बुटांची नाडी सोडत होतो, तेवढ्यात काका शेजारी येऊन उभे राहिले. "पुढच्या शनिवारी हिची परीक्षा आहे. ही नाही येणार."

"अरेरे," मी म्हणालो. आवाजातला आनंद दाबायला मला नाडीची गाठ कामी आली. "अभ्यास महत्त्वाचा."

"हो ना. पण मी येतोय."

"तुम्ही? कशासाठी?"

"अहो, तुम्ही आहात ना!" काका म्हणाले, आणि बाकाकडे एकदा वळून पाहिलं. "हा बाक मात्र फार टणक आहे. या वेळी घरून उशी आणतो म्हणतो."