काही व्हत नही, भो!

तुमच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नाही, हे ऐकून बरं वाटलं भाऊ. माणूस असा निवांत पाहिजे. मी अमळनेरात डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, उत्तरकार्याची पत्रं. मागच्या लग्नसराईत सहा वर्षांचं काम एका संध्याकाळी घालवलंय, तेव्हा माझा सल्ला फुकट असला तरी कच्चा नाही.

सगळ्या फाइली डेस्कटॉपवर ठेवा. ओट्यावर बसल्यासारखं, सगळं डोळ्यांसमोर. कोणी फारच मागे लागलं तर डी ड्राइव्हवर एक कॉपी टाका. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन खण असतात, हे मनातही आणू नका. माणसं एका डब्यात आणि सामान त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात ठेवून ‘आता गाडी घसरली तरी चिंता नाही’ म्हणण्यातलं सुख काही वेगळंच.

यूपीएसची बॅटरी गेली असेल तर बदलायच्या फंदात पडू नका. माझ्या यूपीएसवर दोन वर्षं पाण्याचा जग होता, उंची अगदी हाताशी. बॅटरीवाला सांगून थकला, मी म्हटलं, काही व्हत नही, भो! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि डोक्यावर पत्रे, अशा वेळी सीपीयूचं झाकण काढून टेबलफॅन थेट आत सोडावा. हवा जाते, रस्त्यावरची धूळही जाते. आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय असेल तर मोडा. लाइटवर एवढा अविश्वास बरा नाही.

त्या संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली. पुढच्या वेळी आली तेव्हा डब्यातून आवाज यायला लागला. टक… टक… टक. पाल चुकचुकावी तसा. हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि तिच्यावरचं वाचून घेणारं हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी जवळ. ते एकदा टेकलं की खरवडतं. तेव्हा असा आवाज आला की भित्रे लोक मशीन बंद करतात. आपण करायचं नाही. चालू-बंद, चालू-बंद, निदान दहा वेळा. मी दोन चापट्याही मारल्या.

डिस्क धडधाकट असून फाइल नुसती चुकून पुसली गेली असेल, तर हुशार भाच्याला बोलवा. साध्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जागच्या जागी असते. म्हणून भाचा तिला परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकतो. जागा भरली, विषय संपला.

क्लाउडचं म्हणाल तर गूगलची फुकटची १५ जीबी आपण सुप्रभातच्या फुलांनी कधीच भरलेली असते. बाकी फोल्डर सिंक करून ठेवलं तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. इतकं आज्ञाधारक पोर कोणाच्या घरात असतं? ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिवस असतो म्हणे. मार्च एंडला! ज्यानं ठरवला त्याला आपली काळजी होती, नक्की.

जाणकार ३-२-१ सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी आई दर उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करते. एक डबा स्वयंपाकघरात, एक पत्र्याचा माळ्यावर, एक सुरतेच्या बहिणीकडे. तिनं कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहितावाचताही येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यांच्या ओव्या वहीत उतरवून ठेवल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. आपण शिकलेली माणसं, आपल्याला वही कशाला?

डिस्क पुण्याला पाठवली. खर्चाचा आकडा ऐकून मी फोन बायकोकडे दिला. तिनं तो कट केला.

तेवढ्यात आबा आले. मुलीचं लग्न दहा दिवसांवर, पत्रिका उद्या हवी. माझ्याकडे काही नाही, पण त्यांच्या फोनमध्ये प्रूफचा फोटो निघाला. अर्ध्या फोटोवर त्यांचा अंगठा, बाकीचं वाचता येत होतं. मी रात्रभर बसून सगळं परत टाइप केलं, सकाळी छापायला दिलं. बॅकअपशिवाय माणूस मरत नाही, हे मी त्या दिवशी चार जणांना सांगितलं.

फोटो पहिल्या प्रूफचा होता. त्यात त्यांच्या थोरल्या काकांच्या नावाआधी ‘कै.’ पडलं होतं. ते आम्ही नंतर दुरुस्त केलं होतं, पण ती दुरुस्ती गेली डिस्कबरोबर.

हळदीच्या आदल्या दिवशी काका स्वतः दुकानात आले. ऐंशीच्या पुढचे, धोतर, टोपी, हातात पत्रिका. ती त्यांनी माझ्यासमोर काउंटरवर सरळ करून ठेवली, त्या दोन अक्षरांवर बोट टेकवलं आणि शांतपणे विचारलं, “मी कव्हय मरनू रे भो?”

मी यूपीएसवरचा जग उचलला आणि त्यांना पाणी दिलं.